उरलेलं पाणी

माझ्या घरातलं झाड मरायला लागलं होतं आणि त्याला कुणीही पाणी घालत नव्हतं. कुणी म्हणेल, मग त्यामुळेच मरत असेल. तसं नव्हतं. ते वाळवंटातलं झाड होतं. पाणी घालू नका, असंच नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, आणि आम्ही ते काटेकोर पाळत होतो. तरी ते मरत होतं, आणि तेसुद्धा सुकून नाही, सडून.

हे लखनौमधलं, मानकनगरातल्या रेल्वे कॉलनीतलं. आमचं क्वार्टर तळमजल्यावर, पुढे हॉल, मागे पत्र्याच्या दाराचं छोटं अंगण. त्या हिवाळ्यात घरात आम्ही तिघी होतो: मी, नववीतली मुलगी आणि गावाहून आलेली आई. नवरा हवाई दलात, त्यांचं पोस्टिंग तेव्हा पार पूर्वेला होतं.

मी रुळांखालची खडी तपासते. कुणी विचारलं, मॅडम काय करता, की मी असंच सांगते. समोरच्याला वाटतं, इंजिनियर बाई काहीतरी मोठं सांगेल. मला त्याचं काही वाटत नाही. रूळ खडीवर असतो, गाडी रुळावर असते, आणि हे विचारणारा माणूस कधी ना कधी त्या गाडीत असतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आम्ही माणदेशातले. दुष्काळ पडला की आई रोजगार हमीच्या कामावर जायची आणि रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. तिनं फोडली, मी तपासते. हे मी ऑफिसातल्या साहेबांनाही सांगितलंय, मुलाखतीतही सांगितलं होतं, आणि सांगताना आवाज खाली घेतला नव्हता.

आई येत नव्हती, ही माझी खंत होती. भावाकडे तिचं सगळं ठीक होतं, वहिनी चांगली आहे, तक्रारीला जागा नाही. पण मला ती माझ्याकडे हवी होती. मी वाढले त्या घरात एकाच खोलीत चूल, शेळी आणि माझा अभ्यास. आता माझ्याकडे खोली होती, अंगणात ऊन होतं, गिझर होता, आणि हे सगळं जिच्यामुळे आलं ती बाई अजून विहिरीवरून पाणी शेंदत होती. दरवर्षी फोनवर सांगायची, पुढल्या साली येते. शेवटी दिवाळी झाल्यावर मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. तिनं गाडीतच अट घातली.

"थंडी बघती. मानवलं तर ऱ्हाईन. न्हाई मानवलं तर होळी झाली की मला पोचवायचं."

"मानवेल," मी म्हणाले.

"तू नगं सांगू. माझं मला कळंल."

आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली. कॉलनीतून चालत बाजारापर्यंत गेलो, परत आलो, आणि ती दारात थांबून म्हणाली, "आगं, ह्या गावाला दगडच न्हाई. कुत्र्याला हाणायचा म्हटलं तर एक सापडंना." खरं होतं. इथली जमीन म्हणजे गोमतीनं आणि गंगेनं आणून टाकलेली पिठासारखी माती. खणत जा, दगड लागत नाही. मला इतकी वर्षं ते जाणवलं नव्हतं. तिला चपलेखाली जाणवलं.

भाषेचंही तसंच. शेजारणी यायच्या, गोड बोलायच्या, आई हसून मान हलवायची. नातीला मराठी सगळं कळतं पण तोंडातून हिंदीच येतं. आई म्हणायची, "ही माझीच हाय ना गं?" नात म्हणायची, "हाँ आजी, आपकी ही हूँ, अब वो लाडू दो."

एका रविवारी मी तिला तुळशीचं रोप घ्यायला विकासनगरकडच्या नर्सरीत नेलं. तुळस घेतली. आणि निघताना ती एका कुंडीपुढे उभी राहिली. बुंध्याला हे एवढं पोट सुटलेलं, त्यावर चार वाकड्या फांद्या, टोकाला चकचकीत पानं आणि एकच गुलाबी फूल.

"हे आपल्याकडचं दिसतंय," ती म्हणाली.

आपल्याकडचं अजिबात नव्हतं. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमच्या माळावर निवडुंग असतो, शेराची झुडपं असतात, ज्याला पाण्याची भीक मागायची सवय नाही असलं सगळं असतं. ती वाकून त्या बुंध्याला हात लावत म्हणाली, "बघ की, दुष्काळाची बेगमी पोटात भरून बसलंय."

नर्सरीवाला आला. "एडेनियम है अम्मा. रेगिस्तान का गुलाब. पानी बहुत कम दीजिएगा, जाड़े में तो समझिए बिल्कुल नहीं."

मी त्याला म्हटलं, "भैया, आप बिल्कुल फ़िक्र मत करो. हम लोग सूखे इलाके के ही हैं. कम पानी में जीना हमको मत सिखाओ."

झाड हॉलमध्ये आलं, दाराशेजारच्या खिडकीत. ऊन तिथेच यायचं. आईनं त्याचं नाव गाववाला ठेवलं. सकाळी उठली की चहाआधी त्याच्यापाशी जायची, आणि ज्यांना हिंदी येत नाही अशा माणसांशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची. नात चिडवायची, "आजी, आपका बॉयफ्रेंड उठ गया?" आई म्हणायची, "व्हय, तुझ्यापरीस लवकर उठतो."

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. इकडचं धुकं म्हणजे सकाळी समोरचं क्वार्टर दिसत नाही, आणि ऊन आलं तरी दुपारी पाहुण्यासारखं येऊन जातं. झाडाची पानं पिवळी होऊन गळायला लागली. मी आईला समजावलं की थंडीत हे झाड असंच झोपतं, पानं टाकतं, उन्हाळ्यात परत येतात. मी वाचलं होतं, आणि ते खरंही होतं.

"झोपलंय म्हणतीस?"

"झोपलंय."

"मला न्हाई वाटत झोपल्यालं." ती शाल घट्ट ओढून बसली होती. पायात दोन मोजे, डोक्याला मफलर. "त्याला हितलं मानवंना. आणि त्याला मानवंना तर मला काय मानवणार? ह्यानं मान टाकली की मी निघाले बघ."

पहिल्यांदा ती हे हसत म्हणाली होती. मग एकदा भावाच्या फोनवर म्हणाली, तेव्हा हसली नाही. भावानं लगेच होळीनंतरचं तिकीट काढून ठेवलं. मला त्याचा राग आला नाही, त्यालाही ती हवीच होती. पण माझ्या घरातल्या खिडकीत आता एक कुंडी होती, आणि आई माझ्याकडे राहणार की नाही ते त्या कुंडीवर येऊन ठेपलं होतं. मी ते मान्य केलं. मला पैज समजते.

जानेवारीत एका सकाळी मुलगी शाळेची टाय बांधता बांधता कुंडीपाशी थांबली. तिनं बुंध्यावर बोट दाबलं.

"मम्मी, ये तो पिलपिला हो गया."

मी दाबून पाहिलं. एका बाजूला बोट आत गेलं, उतरलेल्या आंब्यात जावं तसं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला हिंदी येत नसलं तरी पिलपिला कळला.

मी प्रयोगशाळेत जशी सुरुवात करते तशीच केली. सडलंय म्हणजे पाणी आहे. पाणी आहे म्हणजे कुणीतरी घालतंय. आईला विचारलं, तू पाणी घालतेस का? ती म्हणाली, "एक थेंब न्हाई. तू सांगितल्यापासून एक थेंब न्हाई." मुलीला विचारलं. "मैं? मैंने तो तुलसी को भी नहीं दिया." मी स्वतः तर घालत नव्हतेच. मग मी भिंत तपासली, ओल येतेय का. खिडकीची चौकट तपासली. कुंडीखालची बशी उचलून पाहिली, तर बशीत पाणी होतं. घरात तिघी, तिघींचं उत्तर नाही, आणि बशीत पाणी.

रविवारी मला उत्तर सापडलं. समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी रोज आमच्याकडे यायच्या. लखनौच्याच, जुन्या घराण्यातल्या, स्वतःला हम म्हणणाऱ्या, आणि स्वेटर विणत विणत आईशी हिंदीत बोलणाऱ्या. आई मराठीत उत्तर द्यायची, दोघींचं मजेत चालायचं. त्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. आईनं ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले पेले आणून दिले. इकडची रीत अशी की पाणी आलं की पेला हातात घ्यायचा, दोन घोट प्यायचे, आणि अदबीनं खाली ठेवायचा. सगळा पेला गटागट संपवणं बरं दिसत नाही. त्या गेल्या. ट्रेमध्ये तीन पेले, प्रत्येकात अर्ध्याहून जास्त पाणी. आईनं ट्रे उचलला, उठली, आणि तिन्ही पेले एकामागून एक गाववाल्याच्या कुंडीत रिकामे केले. विचारही न करता. कुणी पदर सावरावा तसं.

मला ते कुठून आलंय ते माहीत होतं. आमच्या घरी पाणी फेकणं हा गुन्हा होता. पाहुण्याच्या तांब्यात उरलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं कशाच्या तरी मुळाशी जायचं. मोरीत वाहून गेलेलं पाणी दिसलं की आजोबा जेवणावरून उठायचे. आईला बेसिनमध्ये पाणी ओतायला सांगणं म्हणजे भाकरी कचऱ्यात टाकायला सांगण्यासारखं. आणि तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबात ती पाणी घालत नव्हतीच. उरलेलं टाकत होती.

पण सांगायला तर हवं होतं. मी गोल गोल बोलणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले, दारात बूट काढले, आणि तिथूनच सुरुवात केली.

"आई, मला कळलं झाड कशानं सडतंय. तू त्यात पेल्यातलं उरलेलं पाणी..."

"मम्मी," सोफ्यावरून मुलगी म्हणाली, "आप क्या कर रही हो?"

मी खाली पाहिलं. माझ्या हातात माझी ऑफिसची बाटली होती, उलटी. तळाचं पाणी कुंडीत पडत होतं. रोज संध्याकाळी पडत होतं. दारातून आलं की सगळ्यात जवळची कुंडी तीच, आणि माझा हात चाळीस वर्षांचा शिकलेला आहे. त्याला माझ्या पदवीची काही माहिती नाही.

"मैं भी करती हूँ," मुलगी म्हणाली. "स्कूल वाली बोतल. आपने ही तो सिखाया था, बेसिन में मत फेंको."

मग मलाच हसू आलं. आई हसली नाही. ती उठून कुंडीपाशी आली आणि तिनं मातीत बोट खुपसलं.

"म्हंजी तिघींनी मिळून बुडवलं."

"हो."

"पाण्यावाचून मेलेलं लई बघितलं गं," ती म्हणाली. "पाण्यानं मेलेलं हे पैलंच." बोट पदराला पुसून ती आत जायला निघाली. "राहू दे आता. त्याचं झालं. तिकीट हाय न्हवं काढल्यालं."

"ते मेलेलं नाही," मी म्हणाले. "एक बाजू गेली आहे. एक बाजू कडक आहे. तू रविवारपर्यंत थांब."

"रविवारी काय करणार हाईस?"

"जे मी पगार घेऊन करते ते."

आणि खरंच, मला आता सगळं लख्ख दिसत होतं. रुळाखाली खडी का असते? पाणी थांबू नये म्हणून. वर्षानुवर्षं खडी घासून तिची भुकटी होते, माती वर येते, मधल्या फटी बुजतात. मग पाणी मुरत नाही, गाडी गेली की चिखल वर उसळतो आणि रूळ दबायला लागतो. तेव्हा आम्ही त्यावर आणखी खडी टाकत बसत नाही. सगळी बाहेर काढायची, चाळायची, बारीक फेकून द्यायचं, जाड परत भरायचं. मी ते शेकडो किलोमीटरसाठी लिहून दिलंय. एका कुंडीचं काय घेऊन बसलात.

रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरून मी कुंडी उपडी केली. आतून जो गोळा निघाला तो जसाच्या तसा, कुंडीच्या आकाराचा, थंडगार, वर आंबूस वास. इथली तीच पिठासारखी माती, पाणी प्यालेली. मुळं काळी आणि ओढली की सालासारखी सुटून येत होती. मी सगळं धुतलं, हातात रबरी मोजे घातले, कारण त्या झाडाचा चीक विषारी असतो, आणि भाजीच्या सुरीनं सडलेला भाग कापायला लागले.

आई पाटावर बसून बघत होती. तपकिरी कापलं. खाली आणखी तपकिरी निघालं. तेही कापलं. पोटाचा तिसरा हिस्सा वर्तमानपत्रावर पडला.

"बास की," आई म्हणाली. "राहतंय काय त्याचं?"

"एक ठिपका राहिला तरी परत पसरेल."

"तुझं काळीज दगडाचं हाय."

"या गावात नाही ना दगड. मी घेऊन आले."

पांढरंशुभ्र, काकडीच्या गरासारखं लागेपर्यंत कापलं. मग जखमेवर हळद भरली. मातीत लावायचं नाही, पाणी नाही, काही नाही, नुसतं कोरडं पडू द्यायचं. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून मी ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं, डब्यांच्या फळीच्या वर, जिथं गॅसची ऊब जाते. मुळं नाहीत, पानं नाहीत, अंगाला हळद लागलेली, एखाद्या अर्ध्या सुरणासारखं ते तिथं लटकत राहिलं.

समोरच्या भाभी पाणी घ्यायला आत आल्या आणि थबकल्या. "अम्मा, ये क्या टाँगा है? नज़र के लिए?"

आईनं शब्द जुळवले. "बीमार है."

"हमारे यहाँ बीमार को लिटाते हैं, अम्मा, टाँगते नहीं."

"इसने बोला," आईनं माझ्याकडे बोट केलं. त्यात तक्रार होती, पण थोडीशी फुशारकीही होती, मी ओळखते.

आता कुंडीत भरायला खडी हवी होती. दुकानात गिट्टी मिळते, बुंदेलखंडातून ट्रकनं येते, पण ती मोठी. मौरंग, म्हणजे इकडची जाडी लाल वाळू, ती मी एक घमेलं आणली. जाड तुकड्यांसाठी म्हटलं, वीट चालेल. भाजलेल्या विटेतून पाणी निघून जातं आणि ती थोडी ओल धरते. कॉलनीच्या टोकाला एका घराचं काम चाललं होतं, तिथून विचारून मी अर्ध्या तुटक्या विटा आणल्या आणि अंगणात टाकल्या. शेजारच्यांकडून हातोडी आणली. पहिल्याच घावाला तुकडा उडून पत्र्याच्या दारावर वाजला.

"डोळा फोडून घेशील," आई म्हणाली. "दे हिकडं."

तिनं मुलीला जुन्या सायकलची ट्यूब आणायला लावली, कापून तिचं कडं केलं. ते कडं डाव्या हातात, त्यात विटेचा तुकडा, उजव्या हातात हातोडी. कडं असलं की कपच्या उडत नाहीत, जिथल्या तिथं पडतात. खांद्यावर शाल, मफलर मागे सरकलेला, पाय पसरून ती उन्हात बसली आणि तिनं हात चालवायला सुरुवात केली. तो आवाज मी ओळखला. शाळा सुटल्यावर मी त्याच आवाजाच्या दिशेनं चालत जायचे आणि बाभळीखाली दप्तर टेकून बसायचे. आई कामावर असेपर्यंत तिथंच गृहपाठ. तेव्हा तो आवाज थांबला की मला बरं वाटायचं. त्या दिवशी तो थांबू नये असं वाटत होतं.

"केवढी पायजे?" तिनं विचारलं.

"हरभऱ्याएवढी. भुकटी नको."

"भुकटी तर व्हणारच की."

"मी चाळून काढते."

ती फोडत होती, मी पिठाच्या चाळणीनं चाळत होते. खाली लाल पीठ पडत होतं, वर खडी राहत होती. एक मूठ मी वेगळी काढून तिच्यापुढे परत सारली.

"हे मोठं आहे. परत फोड."

तिनं हातोडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "मुकादम बरा व्हता," ती म्हणाली. "तो निदान बिडी तरी प्यायला जायचा." मुलगी हसून लोळायला लागली. आईलाही हसू आलं, आणि ती हसतेय हे लक्षात आल्यावर तिनं तो मोठा तुकडा असा ठेचला की त्याची भुकटीच झाली.

"घे. चाळ आता."

तिच्या गालाला लाली आली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं मोजे काढून टाकले होते.

जखमेवर खपली धरल्यावर मी झाड लावलं. तळाशी जाड, वर मौरंग आणि बारीक तुकडे, माती नावाला. आणि मग दोघींना समोर उभं करून, स्वतःलाही धरून, सांगितलं, आता या कुंडीत काहीही पडता कामा नये. उरलेल्या पाण्यासाठी मोरीपाशी एक बादली ठेवली. त्यातलं फरशीला वापरा, तुळशीला घाला.

मुलीची आणि माझी बाटली बादलीत जायला लागली. आईनं मात्र वेगळाच उपाय काढला. पुढच्या वेळी भाभी आल्या तेव्हा ट्रेमध्ये पेले आले, प्रत्येकात अर्धंच पाणी.

भाभींनी पेल्यात पाहिलं, आईकडे पाहिलं. ज्या शहरात पाहुण्यापुढे काही कमी आलं तर यजमान महिनाभर चुटपुटतो, त्या शहरात अर्धा पेला. मी मध्ये पडणार होते, पण आई म्हणाली, "पूरा पियो. और लगा, और देती."

भाभी पूर्ण प्यायल्या. मग म्हणाल्या, "और."

आईनं आणखी अर्धा दिला. भाभींनी तोही संपवला, बहुतेक जिद्दीनं. ट्रे रिकामा परत गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे तसंच चालतं, आणि ज्या नव्या बाईला भाभी घेऊन येतात तिला त्या दाराबाहेरच सांगतात, "अम्मा के यहाँ गिलास ख़त्म करना पड़ता है."

आता फक्त थांबायचं होतं, आणि आमच्या घरातल्या तिघी बायकांना थांबणं जमत नाही. फेब्रुवारी गेला. तुळस पालवली. झाड होतं तसंच, कापलेलं, करडं, एका अंगानं कललेलं. आई रोज सकाळी अंगठा टेकवून बघायची. कडक आहे, एवढंच म्हणायची. मी तिला सांगत होते की कडक आहे म्हणजे जिवंत आहे. भावाचा फोन आला की ती म्हणायची, "व्हय, तारीख ध्यानात हाय." एके दिवशी मी ऑफिसातून आले तर तिची पिशवी कॉटवर होती, तीन लुगडी घडी घालून आत ठेवलेली. मी ती बाजूला सरकवली नाही. अट तिची होती, मी मान्य केलेली होती. मला माझ्या खडीवर भरवसा होता, तारखेवर नव्हता.

होळी झाली. कॉलनीत दोन दिवस रंग वाहत होता. हवा फिरली, दुपारी पंखा लागायला लागला. तिकिटाला आठवडा उरला होता.

त्या संध्याकाळी मी घरी आले, बाटली बादलीत रिकामी केली, हात धुतले. आई भाकरी थापत होती. इकडे ज्वारीचं पीठ मिळायला हज़रतगंजापलीकडे जावं लागतं, तिनं मला तेवढं पळवलं होतं. तव्यावरची भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "फुटलंय ते."

"काय?"

"तुझं ते. सकाळीच फुटलंय."

मी हॉलमध्ये गेले. वरच्या फांदीच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढं हिरवं होतं. खालच्या फांदीला दोन. मी परत आले.

"सकाळपासून सांगितलं का नाहीस? फोन करायचा."

"तुला कामाला जायचं व्हतं," ती म्हणाली. "आणि मला जरा एकटीला बघायचं व्हतं."

तिकिटाचं ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही. मुलगी विचारायला तोंड उघडणार तोच मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी भाभी विणकाम घेऊन आल्या, आता हातात सुती दोरा होता, लोकर संपली होती. कुंडीपुढे उभं राहून त्यांनी ती मोहरी पाहिली, माशाअल्ला म्हटलं, बसल्या. आईनं अर्धा पेला आणून दिला.

"तो अम्मा," भाभींनी विचारलं, "गाँव कब जा रही हैं? बिटिया बता रही थी, टिकट हो गया है."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आईनं कुंडीकडे पाहिलं, मग भाभींकडे, आणि हिंदीतले होते नव्हते ते सगळे शब्द गोळा केले.

"कैसे जाएगी," ती म्हणाली. "ये दोनों का भरोसा नहीं. मैं गई, तो इसको पानी कौन नहीं देगा?"

भाभींना ते कळायला क्षणभर लागलं. मग सुई मांडीवर ठेवून त्या मनापासून हसल्या, आणि रिकामा पेला त्यांनी पुढे केला.